‘जेवणानतंर’ एक गोळी

मंगळवार, ४

कसली डोंबलाची रहस्यकथा! पान तीसवरच कळलं, खुनी ती पुतणी. आजारी आत्याची एवढी सेवा करते म्हणजे तीच, दुसरं कोण? अजून दोनशे पानं बाकी. धाकट्या बहिणीने आणली वाचनालयातून. “ताई, खिळवून ठेवते म्हणे.” पायाच्या प्लास्टरमुळे पंधरा दिवस तिच्या घरी मी अंथरुणाला खिळलेलीच आहे, पुस्तक काय आणखी खिळवणार!

बुधवार, ५

पुतणी गोळ्या कुटून आत्याच्या सुपात घालते. वाटलंच होतं. छपाईच्या चुका एकेचाळीस. सव्वीस वर्षं प्रुफं तपासली, डोळा काही निवृत्त होत नाही.

दुपारी धाकटीने एका कागदावर सही घेतली. चष्मा सापडेना. “अगं, कर ना पटकन, नुसती सही तर आहे.” केली. न वाचता. मी!

शुक्रवार, ७

कुबड्यांवर पहिल्यांदाच स्वयंपाकघरापर्यंत गेले. कपाटात साखरेच्या डब्यामागे एक बाटली. चिठ्ठीवर माझं नाव – ‘ताकदीच्या गोळ्या. जेवणानतंर एक.’

माझ्या गोळ्या माझ्या उशाशी असतात. ही मला कुणी कधीच दिलेली नाही. मग अर्धी बाटली गेली कुठे?

आणि ‘नतंर’. अनुस्वार पुढच्या अक्षरावर. हे औषधाच्या दुकानातलं नव्हे, ही धाकटी. चौथीपासून अशीच लिहिते, कान पिळून दमले.

मोजल्या. अठरा आहेत.

शनिवार, ८

सतरा.

सूप कडू लागलं. की मलाच वाटलं? अर्धं खिडकीतल्या कुंडीत ओतलं. “संपवलंस? शहाणी गं माझी बाई,” म्हणाली.

माझं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. मागे ना नवरा, ना मूल. काय होतं त्या कागदावर?

सख्खी बहीण. काय हे मनात आणतेय मी. पण दाराला आतून कडी लावलीये. पुस्तकातल्या त्या बावळट आत्याला मी हसले होते.

रविवार, ९

सोळा. पोट बिघडलंय म्हणाले, काही खाल्लं नाही. धाकटीने कपाळावर हात ठेवला. मी अंग चोरलं. तिला कळलं ते. मला फार भीती वाटतेय.

सोमवार, १०

दाराच्या फटीतून पाहिलं. तिचा नवरा कामावर गेला, तशी तिने बाटली काढली. बाजूला माझं सूप. मी जीव मुठीत धरून उभी.

गोळी तिने स्वतःच्या तोंडात टाकली. वर पाणी प्यायली आणि ओट्याला धरून बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली.

मंगळवार, ११

ती आंघोळीला गेल्यावर चिठ्ठी नखाने सोलली. खाली दवाखान्याची, छापील. कर्करोग विभाग. रुग्णाचं नाव धाकटीचं. एकही चूक नाही.

ती बाहेर आल्यावर विचारलं. खालची नवऱ्याने पाहू नये म्हणून वरची चिठ्ठी. सही तिच्या ऑपरेशनच्या कागदावर, नातेवाईक म्हणून. शुक्रवारी आहे. “ह्यांना मीच सांगेन,” म्हणाली. “तू आधी सूप पी.”

प्यायले. कडू नव्हतं.