दगडाची पाठ

प्रिय दादा,

'प्रिय' हात सवयीनं लिहून गेला. खोडणार होते, पण आता राहू दे.

तुझी शिळा पोचून पंधरा दिवस झाले. चौघांनी मिळून उतरवली. तुझ्या खाणीचा मुकादम स्वतः आला होता. एरवी माझ्या कारखान्यात पाऊल टाकलं की हा माणूस चहा मागतो आणि माझ्या छिन्न्यांना नावं ठेवतो. या वेळी चहा नको म्हणाला, दाराच्या बिजागरीला तेल घाल म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. मला वाटलं, थकला असेल. डोंगर खाली आल्यापासून तीन महिने त्या ढिगाऱ्यातच तर वावरतोय.

शिळेबरोबर तुझी चिठ्ठी होती. अकरा नावं, आणि खाली मोठ्या अक्षरांत कोरायची ओळ: 'ईश्वरेच्छेने आपल्यातून गेलेले.' तुला माहीत नसेल, 'च्छे' कोरायला माझा अर्धा दिवस जातो. दोन छिन्न्या बोथट होतात. खोट्या शब्दासाठी एवढी मेहनत करायची माझी तयारी नाही. पण ही गंमत झाली, खरं कारण पुढे येईल.

शोकसभेत तू बोललास ते मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकलं. शाळेचं सभागृह भरलं होतं, पंखे बंद होते, तू पांढरा शर्ट घातला होतास. अकरांतली एक आपली धाकटी. तिचं नाव घेताना तुझा आवाज फुटला आणि तो खरा फुटला, हे मी कबूल करते. मग तू म्हणालास, "देवानं माझी बहीण नेली, पण माझा त्याच्यावर राग नाही. मी त्याला माफ केलं." बायका रडल्या. माझ्या शेजारचे मास्तर म्हणाले, केवढं मन आहे तुझ्या भावाचं. मी मान हलवली.

देव आहे की नाही, मला ठाऊक नाही. असेल तर नऊ दिवस पडलेला पाऊस त्याचा, एवढं मी मान्य करते. त्यासाठी त्याला काय विचारायचं ते मी विचारीन. पण तोच पाऊस नदीपलीकडच्या डोंगरावरही पडला, दादा. तेवढाच, तितकेच दिवस. त्या डोंगराच्या पायथ्यालाही घरं आहेत. तिथले लोक आज दोरीवर कपडे वाळत घालतायत. देवाला एकच डोंगर पाडायचा होता, आणि नेमका आपली खाण असलेला, हे मला पटायला जड जातं.

आता शिळेबद्दल. तू खाण चालवलीस, मी अक्षरं कोरली, बाबांनी अशी वाटणी लहानपणीच करून टाकली होती. तुझा हात छिन्नीवर कधी बसला नाही, म्हणून एक गोष्ट तू शिकला नाहीस. बाबा मला दगडाच्या तोंडाला हात लावू देत नसत, जोवर त्याची पाठ साफ होत नाही तोवर. "पाठ भिंतीकडे जाणार, कुणाला दिसणार?" असं मी म्हणायची. ते म्हणायचे, "दगडाला दिसते." इतर कारागीर पाठ तशीच खडबडीत सोडतात. मी नाही सोडत. तू तोंड आरशासारखं घासून पाठवलंस आणि पाठ मातीनं माखलेली. मी ती धुतली, छिन्नीनं टवके काढले, आणि डाव्या कोपऱ्यातून वर चढत गेलेली निळी शीर दिसली.

मी स्टुलावर बसले. बादली लवंडली, तीही उचलली नाही.

निळी शीर कुठे लागते, हे आपल्या घरात तिघांनाही बाराखडीच्या आधी शिकवलं होतं. डोंगराच्या अगदी तळाच्या थरात. बाबा म्हणायचे, निळं दिसलं की सुरुंग बंद, तो डोंगराचा पाय आहे, पाय कापला की माणूस तरी उभा राहतो का. त्या थरातला दगड सगळ्यांत देखणा, हेही तेच सांगायचे. म्हणूनच तू तो पाठवलास ना? मेलेल्यांसाठी खाणीतला सर्वांत चांगला दगड. तुझं प्रेम खरं होतं याची मला खात्री आहे. राग त्याचाच जास्त येतो.

मी मुकादमाकडे गेले. तो घराबाहेर बूट घासत होता. मी फक्त 'निळा' म्हटलं आणि त्याचा ब्रश थांबला. म्हणाला, "बाई, मी दोन वर्षं सांगत होतो. तुझा भाऊ म्हणायचा, म्हाताऱ्याची भीती म्हाताऱ्याबरोबर गेली." मग बूट खाली ठेवून म्हणाला, "सुरुंगाची भोकं मीच पाडली पण. मला चांगला म्हणू नकोस." बघ, त्याला एका वाक्यात जमलं.

तू म्हणशील, छिन्नी नाव ठेवलं ते उगाच नाही, हिला पहिल्यापासून दुसऱ्याला टोचायचीच सवय. तर ऐक. दोन वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी तू एक फरशी पाठवली होतीस. मधोमध निळी रेघ. इतकी सुंदर की मी शेजारणींना बोलावून दाखवली. धाकटी आली तेव्हा तिनं त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ताई, ही ती शीर नाही ना गं?" तिचं घर डोंगराखाली, तिला विचारायचा हक्क होता. मी म्हटलं, "तुझं आपलं काहीतरीच. वरच्या थरातही असते कधीकधी." वरच्या थरात ती कधीच नसते. मला माहीत होतं. मला ओटा हवा होता, आणि तुझ्याशी भांडण नको होतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, सफरचंद कापलं त्याच फरशीवर, अर्धं मला दिलं.

म्हणजे तुझ्या ओळीत ईश्वराच्या जागी जी नावं कोरायची, त्यांत माझंही आहे.

एवढं असूनही मी कदाचित गप्प बसले असते. आपण तसे गप्प बसणारे लोक. पण बेकरीवाली रोज दुपारी माझ्याकडे येते. तिचा नवरा यादीत पाचवा. ती स्टुलावर बसून मी त्याचं नाव कोरताना बघते. परवा तिनं मला सांगितलं, की त्या सकाळी पीठ ओलं झालं म्हणून तिनं देवाला शिव्या घातल्या होत्या. आईबहिणीवरून. तासाभरात डोंगर आला. तुझं भाषण ऐकल्यापासून तिला वाटतं, देवानं तिचंच ऐकून दहा जणांना आणि तिच्या माणसाला मारलं. तिनं जेवण टाकलंय. हाडं दिसायला लागलीत. तू देवाला माफ केलंस, दादा, आणि शिक्षा ती भोगतेय.

नावं पूर्ण झाली. धाकटीचं शेवटी कोरलं, तिची पाळी नेहमी शेवटी यायची तशी. खालची जागा कोरी आहे. चौकशीवाले साहेब सोमवारी सकाळी दहाला इथे येणार आहेत. 'नैसर्गिक आपत्ती' लिहून फाईल बंद करण्याआधी स्मारक बघून जाऊ, असा निरोप आलाय. खाणीचा तळ ढिगाऱ्याखाली गेला, कुठवर कापलं होतं ते दाखवायला काही उरलं नाही, असं तुला वाटत असेल. मी शिळा फिरवून ठेवली आहे, पाठ दाराकडे. ओट्याची फरशीही पहारीनं उचकटून तिच्या शेजारी उभी केली आहे. दोन्हींबद्दल मी साहेबांना सांगणार आहे, फरशीबद्दल आधी.

आज शनिवार. मुकादमाच्या हातून हे पत्र तुला दुपारपर्यंत मिळेल. सोमवारी माझ्या आधी तू बोललास तर बरं, पण तेवढ्यासाठी मी लिहीत नाही. तो तुझा आणि सरकारचा प्रश्न आहे. मी लिहितेय ते उद्यासाठी. उद्या बेकरीवालीकडे जा. पांढरा शर्ट घालू नकोस, सभेत बोलतोस तसं बोलू नकोस. तिला सांग, तिच्या शिव्या देवानं ऐकल्या की नाही ते तुला माहीत नाही, पण डोंगराचा पाय तू कापलास. ती मारेल कदाचित. मार खा. मग तिला काहीतरी खायला घाल, आणि ती जेवेपर्यंत तिथून उठू नकोस.

तुझीच,
छिन्नी