दार उघडलं की नाही

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (तीर्थरूप म्हटलं की एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटतं, असं तू म्हणतेस. पण आज मी रागावले आहे, तेव्हा तीर्थरूपच.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजून शेजारपाजारचे त्यावरच उठतात? इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. प्रत्यक्षात मला आज असा धक्का बसलाय की मी आधण ठेवलं, गाळणं घेतलं आणि चहाची पूड घालायचीच विसरून सगळ्यांना नुसतं गरम पाणी दिलं. कोणी चकार शब्द काढला नाही, कारण आमच्या घरात सध्या कोणीच पुरतं काही बोलत नाही.

घर बदलताना तू माझ्या गळ्यात मारलेलं ते जाडजूड पुस्तक आठवतं ना, जुन्या ब्रिटिश आणि आयरिश लघुकथांचं? त्याचाच हा प्रताप. सासूबाईंच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. उजव्याचंही लवकर करा, मोतीबिंदू पिकत चाललाय, असं डॉक्टरांनी बजावलंय आणि वाचायचा चष्मा दोन्ही डोळे झाल्यावरच मिळणार. पण एका डोळ्यानं दिसतंय तेवढं जग पुरे, यावर बाई ठाम. (पहिल्या वेळी भयंकर घाबरल्या होत्या. कबूल करायच्या नाहीत.) निदान मन रमावं म्हणून मी रोज दुपारी एकेक गोष्ट वाचून तिथल्या तिथे मराठीत सांगायला लागले. सासूबाईंनी आयुष्यभर शिवणाचा क्लास चालवला, त्यामुळे त्यांना गोष्टही शिवणीनंच कळते. ब्रिटिश गोष्ट निघाली की पहिल्याच परिच्छेदाला मला थांबवून म्हणणार, त्या पाहुण्याची छत्री उगाच आलेली नाही, हे काज आहे, बटण शेवटी येईल. आणि येतंच गं! शेवटच्या ओळीत छत्री उघडते आणि आतून यजमानांचे चांदीचे चमचे पडतात. आयरिश गोष्टींत मात्र बटणच नसतं. माणसं शेगडीपाशी बसतात, पावसावर बोलतात आणि जे बोलायला हवं तेवढं सोडून सगळं बोलतात. सासूबाईंच्या मते ह्या लोकांनी आत माया ठेवलेली असते (म्हणजे शिवणीत दाबलेलं जादा कापड, पुढे कधी उसवून झगा वाढवता यावा म्हणून).

एके दिवशी अशीच एक आयरिश गोष्ट निघाली. एकटी बहीण, भांडून परदेशी गेलेला भाऊ, कित्येक वर्षांनी अंगणात बुटांचा आवाज. ती उठते, कडीवर हात ठेवते. संपलं! मी पान उलटलं तर पुढची गोष्ट सुरू. सासूबाईंनी डोळे पुसले (डावा पुसायची मनाई असताना) आणि म्हणाल्या, "दार उघडलं की नाही, सांगितलंच नाही बघ. केवढी छाती लागते!"

झालं. त्या दिवसापासून त्यांनी ती कला घरात आणली. "तुझ्या नवऱ्याचा फोन होता, म्हणाला आज मी येताना..." एवढं मला सांगून सासूबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. हे येताना ऑफिसातली चार माणसं जेवायला घेऊन आले. मी धावत जाऊन पुन्हा भात टाकला. पण खरा कहर परवा झाला. ह्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेल्या, आत एकट्याच गेल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "डॉक्टरांनी पेन उघडून माझ्यापुढे धरलं." पुढे शांतता. ऑपरेशनच्या कागदावर सही केली की नाही? हे रस्ताभर विनवण्या करत होते. दवाखान्यात फोन केला तर तिथली मुलगी म्हणते, पेशंटनं कोणाला सांगू नका म्हणून सांगितलंय. डोळा जायची वेळ आलीय गं, आणि आमच्या घरात कलाकुसर चाललीय!

आज वैतागून मी ती गोष्ट पुन्हा काढली, म्हटलं बघूया तरी ह्या लेखकानं असं काय केलंय. पान जरा ताठ लागलं. उजेडात धरलं तर आतून अक्षरं दिसली. किटलीची वाफ देऊन हळूहळू सोडवलं, तर आत दोन पृष्ठं मजकूर! दार उघडतं, ताई. भाऊ आत येतो, बूट काढतो, घोड्याच्या किमतीवरून कुरकुरतो, पोटभर जेवतो, दोघं जुन्या भांडणावर हसतात आणि शेवटी लेखक क्षमा किती थोर यावर चक्क उपदेश करतो. पानं चिकटवली ती तूच, कुठे काही उसवलं दिसलं की बाटलीतला डिंक घेऊन धावायची तुझी लहानपणापासूनची सवय! ज्या मौनाला आम्ही आठवडाभर दाद दिली, ते तुझ्या डिंकाचं होतं.

सासूबाईंना सांगून टाकावं म्हणून पुस्तक घेऊन गेले, तर माझ्याआधी त्याच बोलल्या. सही केलीय. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. चष्मा आला की सगळ्यात आधी ते पान मी स्वतः बघणार. (शेवटच्या ओळीखाली कोरी जागा किती सोडलीय ते बघायचं असणार.) मी पुस्तक पाठीमागे धरून उभी. आनंदानं रडावं की पळावं, कळेना.

सर्वांना यथायोग्य सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. तोच डिंक, त्याच बाटलीतला, ताबडतोब पाठव. आमच्याकडच्या नळीतल्या गोंदाने पान पुन्हा सुटतं.

ता. क. पाकीट बंद करत होते, तेवढ्यात सासूबाई येऊन बसल्या. म्हणाल्या, ते पान दुहेरी आहे, पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाच अंगठ्याला लागलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू लगेच उसवलं असतंस, मग मला ऑपरेशनच्या त्या टेबलावर पुन्हा जाऊन झोपायला कारण काय उरलं असतं? फार भीती वाटते गं मला. डोळा झाला की मीच उसवीन, तोवर तू हात लावू नकोस. मी हो म्हटलं. ताई, डिंक पोस्टानं नको, स्वतः घेऊन ये आणि तुझ्याच हातानं लाव, त्यांच्या अंगठ्याला फरक कळता कामा नये. गुडघ्याचं नंतर बघू.