हवालदाराची राखण

॥ श्री ॥
जुनी खार, ता. अलिबाग
११ ऑक्टोबर १९६१

ती. राहीताईस,
अंबाजीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे आई खुशाल आहे. भात पिवळं पडू लागलंय. दाजींनी पाठवलेले नारळ पोचले. त्यांतले दोन कुजके निघाले, पण जावयाचे म्हणून आईनं तेही टाकले नाहीत, ओट्यावर मांडून ठेवलेत. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते.

आता माझं ऐक. बाबांच्या तेराव्याला तू होतीसच. मामानं माझ्यासाठी आणलेली नवी टोपी पिशवीतच राहिली. भाऊ पाटलांनी बाबांचा पलटणीतला खाकी फेटा मागवला, साऱ्या गावासमोर माझ्या डोक्याला गुंडाळला आणि सांगितलं, की आजपासून बांधाची राखण अंबाजीकडे. मला वाटलं, मानापुरतं आहे. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला पाटलांचा गडी कंदील घेऊन बोलवायला आला, तेव्हा कळलं की खरंच जायचंय. तेव्हापासून मी बांधावरच्या बाबांच्या खोपटात निजतोय. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला गावाची भातं, आणि मधे मी. उधाणाचं पाणी खालून दगडांना धडका देतं, मी वर डोळे उघडे ठेवून पडलेला असतो.

मुंबईची गोष्ट तुला ठाऊक आहे. गोदीतल्या कारखान्यात फिटरची जागा मिळालीय. एक डिसेंबरला हजर झालो नाही तर ती दुसऱ्याला देणार, असं साहेबानं कळवलंय. पाटलांना सांगितलं, तर ते हसले. हवालदाराचा पोर बांध सोडून जाईल व्हय, असं म्हणून त्यांनी माझ्या हातात पेरू ठेवला. ताई, शिव्या दिल्या असत्या तर मी त्याच दिवशी निघालो असतो. पण हे लोक माया करतात. रोज कुणाची ना कुणाची सून तांदळाची भाकरी आणि वाटीभर कालवण घेऊन येते. मुलं मला हवालदार म्हणतात. रस्त्यात म्हातारी माणसं वाट देतात. खाल्ल्या भाकरीला जागायचं म्हटलं की पाय उचलत नाही.

दिवाळीनंतर १९ नोव्हेंबरला, रविवारी सभा आहे. बांधाला बाबांचं नाव द्यायचंय आणि त्यांचं चरित्र मी सांगायचं ठरलंय. मला तर ते बांधावरचेच आठवतात. तू मोठी, तुला जास्त ठाऊक. काय सांगू ते लिही.

भाचरांना पापा. लोभ आहेच, तो असा कोंडीत सापडलेल्यावर थोडा जास्त असावा.

तुझा,
अंबाजी


॥ श्री ॥
थळ
१८ ऑक्टोबर १९६१

चि. अंबाजी यास,
राहीचे अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

कुजक्या नारळांचं वाचून तुझे दाजी दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. पुढच्या वेळी कुजकं निघालं तर फार गोड निघालं म्हणून कळवावं.

बाबांचं विचारलंस. ते लढाईहून आले तेव्हा मी बारा वर्षांची होते. तू आईच्या लुगड्यामागे लपून हा कोण माणूस म्हणून विचारत होतास. पहिल्याच रात्री आईनं नेहमीसारखी दाराला आतून कडी घातली. बाबा उठले, दारावर धडका मारायला लागले आणि आपल्याला न कळणाऱ्या भाषेत ओरडत सुटले. कडी काढली तसे अंगणात जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं अंथरूण अंगणात, आणि पुढे पाऊस उतरल्यावर बांधावर, जिथे चहूबाजूंनी काही नाही.

असं का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. माझ्या पहिल्या बाळंतपणात ते मला बघायला थळला आले होते. घरात निजले नाहीत, वाडीत नारळाखाली पथारी टाकली. सासऱ्यांचा काही मान राहिला की काय, म्हणून तुझे दाजी कावरेबावरे झाले. तेव्हा बाबा म्हणाले, की ते शत्रूच्या कैदेत होते. पळायला बघितलं म्हणून त्यांना बिनखिडकीच्या खोलीत एकट्याला कोंडलं. किती दिवस ते त्यांना सांगता येईना, कारण आत दिवस दिसायचाच नाही. नातवाच्या पायावरून बोट फिरवत हे सगळं सांगितलं आणि मग बाळंतिणीला डिंकाचे लाडू मिळतात का ते विचारलं.

तेव्हा अंबाजी, ते राखणीला म्हणून निजत नव्हते. त्यांना घरात निजताच येत नव्हतं. ते आले त्याच वर्षी आषाढात बांधाला खांड पडली, पाणी शेतात घुसलं आणि त्यांनी पहिल्यांदा आपल्या घराचं दार उखडून भगदाडात लावलं, हे गाव अजून डोळ्यांत पाणी आणून सांगतं. मी तिथे होते. दार काढायला त्यांना निमित्तच हवं होतं. पुन्हा बसवलं का त्यांनी? आई इतकी वर्षं गोणपाटाच्या पडद्याआड निजली आणि शेजारणींच्या कोंबड्या हाकलत राहिली.

पण म्हणून त्यांचं केलेलं खोटं ठरत नाही. बांधावर असल्यामुळे पहिली गळती त्यांनाच कळायची. त्यांची शिटी वाजली की घरटी एक माणूस घमेलं घेऊन धावायचा. त्याआधी निम्मी घरं यायचीच नाहीत. साप चावलेल्या वेणूबाईला डोलीत घालून ते चिखलातून अलिबागला घेऊन गेले. पलटणीतल्या विधवांचे अर्ज लिहून दिले. मला सातवीपर्यंत शिकवलं, म्हणून तर तुला हे पत्र मिळतंय.

हे सगळं सांग. कैदेचं मात्र सभेत काढू नकोस. हवालदाराची बायको एवढीच आईची मिळकत आहे, ती राहू दे.

प्रकृतीस जपावे, बांधावर डोक्याला रुमाल बांधावा. आशीर्वाद आहेतच, कानउघाडणीही त्यात धरावी.

तुझी,
राहीताई


॥ श्री ॥
जुनी खार
२६ ऑक्टोबर १९६१

ती. राहीताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र खोपटातच वाचलं आणि डोकं फिरलं. तेराव्याला मी गावासमोर मान खाली घालून बसलो होतो, फेटा गुंडाळत होते, आणि तू बायकांत बसून सगळं बघत होतीस. तेव्हाच का नाही बोललीस? बाबांना जिथे सुटल्यासारखं वाटायचं तिथेच मला डांबलंय, आणि त्याला म्हणायचं त्यांची आठवण!

आईला विचारून बघितलं, की बाबा घरात का निजत नव्हते. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, उकडायचं त्यांना. पावसाळ्यातसुद्धा? तर उठून आत गेली.

मी सभेत सांगणार. आईची मिळकत राहावी म्हणून माझं आयुष्य गहाण पडणार असेल तर ते मला नको. तुला राग आला तर येऊ दे, लोभ मात्र काढून घेऊ नकोस.

अंबाजी


॥ श्री ॥
थळ
२ नोव्हेंबर १९६१

चि. अंबाजीस,
अनेक आशीर्वाद.

राग आला, खूप आला, आणि मग रडू आलं. तेराव्याला मी बोलले नाही, कारण फेटा बांधताना आईचा चेहरा मी बघत होते. त्या तेरा दिवसांत पहिल्यांदा तो चेहरा निवला होता. तो मला मोडवला नाही.

धाकट्याला गोवर निघालाय, म्हणून सभेला येता येत नाही. तुला सांगायचंच असेल तर बाबांची फजिती होईल असं सांगू नकोस. त्यांना वेडा म्हणण्याची कुणाला सोय राहू नये. एवढं माझं ऐक, बाकी तुझं तू बघ. दिवाळीचे अनारसे पाठवलेत. तुटलेले असतील तर तुटलेलेच आवडतात म्हण.

तुझीच,
ताई


॥ श्री ॥
जुनी खार
२१ नोव्हेंबर १९६१

ती. राहीताईस,
शि. सा. न. वि. वि.

धाकट्याच्या अंगावरचा गोवर उतरला असेल. अनारसे अख्खे पोचले आणि अख्खेच संपले.

सभा झाली. बाबांचा वर्दीतला फोटो देवळाच्या ओट्यावर ठेवला होता, हार घातला होता. मी उभा राहिलो. वेणूबाईचं सांगितलं, शिटीचं सांगितलं, दाराचं सांगितलं. मग कैदेचं सांगितलं, आणि त्यांना घरात निजता येत नव्हतं हेही. भाऊ पाटील जमिनीकडे बघत राहिले.

मग त्यांची आई, भागुबाई, बायकांतून बोलली. म्हणाली, की पोरा, हे आमाला पयल्यापासून ठाव हाय. बाबा आले त्या साली गावातली पोरं त्यांच्या मागून वेडा हवालदार म्हणून ओरडत जायची. एकानं तर दगडही मारला. तेव्हा तिच्या नवऱ्यानं, त्या वेळच्या पाटलांनी, याच ओट्यावरून सांगितलं, की भागोजी हवालदार आपल्यासाठी बांध राखतोय, उद्यापासून प्रत्येक घरानं त्याला पाळीपाळीनं भाकरी द्यायची. त्या दिवसापासून कुणी त्यांना वेडा म्हटलं नाही. ताई, आपण दोघं ज्या गोष्टीवरून भांडत होतो, ती सगळ्या गावानं पंधरा वर्षं तोंडात धरून ठेवली होती.

मी विचारलं, मग मला का अडकवलं? भागुबाईनं आईकडे बोट दाखवलं.

आई उठली नाही. बसल्या जागीच म्हणाली, की बाराव्याला तीच पाटलांकडे गेली होती, फेटा मागवायला तिनंच सांगितलं होतं. एक परमुलखात गेला, तो आला पण घरात कंदी आलाच न्हाय. दुसरा मुंबईला धा मानसांच्या खोलीत निजायचं म्हणतोय. त्यापेक्षा बांधावर राहिला तर ओट्यावरून दिसेल तरी, असं तिला वाटलं. महिनाभर मी पाटलांवर दात खात होतो. आता रागवायला माणूसच उरलं नाही. मी फेटा काढून आईच्या मांडीवर ठेवला. तिनं घेतला. भाऊ पाटलांनी घसा साफ केला आणि राखण घरटी पाळीनं ठरली, पहिली पाळी त्यांच्या घरची. बांधाला बाबांचं नावही ठरलं.

परवा रेवसहून लाँचनं निघतोय. काल जेवताना आईनं पगाराचं विचारलं नाही, खोलीचं विचारलं. मी खरं सांगितलं, की दहा जण आहोत, खिडकी एकच आहे आणि ती दुसऱ्याच्या उशाशी आहे. ती बराच वेळ भात कालवत राहिली. मग म्हणाली, की आत जीव घाबरला तर कुणाला सांगत बसू नकोस, निघून ये. या खेपेला बाहेर निजण्याला राखण म्हणायची नाही. मी अंगणात तुझ्या शेजारी अंथरूण टाकीन. तुझ्या बापाच्या शेजारी टाकावं, हे मला कधी सुचलंच नाही.

एवढं बोलून तिनं मला आणखी भात वाढला.

मुंबईचा पत्ता पोचल्यावर कळवतो. मी जवळ नाही, तेव्हा जमेल तसं आईला थळला नेत जा. माझ्यावरचा लोभ काही दिवस तिच्याकडे वळवावा, ही विनंती.

तुझा,
अंबाजी