लंगडीचं जेवण

ता. ९ ऑक्टोबर

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. तुमची खुशाली कळली, बरं वाटलं. तुझ्या नवऱ्याचा खोकला गेला का? अर्धी बाटली संपली की "बरा झालो" म्हणायची त्याला लहानपणापासून खोड आहे. बाटली रिकामी होईपर्यंत पिच्छा सोडू नकोस. माझं ठीक चाललं आहे. डावा पाय अजून मागे राहतो, पण काठीशी आता जमलं आहे. गेल्या वर्षीच्या झटक्यानं तोंडाचा कोपरा तेवढा झुकला तो झुकलाच.

तू विचारलंस, थंडीच्या आत तिकडे कायमचे राहायला कधी येताय. खोली रंगवून झाली, खिडकीपाशी खाट टाकली, हेही लिहिलंस. त्याचं उत्तर आधीच देतो, म्हणजे तू वाट बघत बसायला नको. इतक्यात जमणार नाही. घरात आजारी माणूस आहे. माणूस म्हणजे कोंबडी.

हसू नकोस. समोरचा बेकरीवाला मागच्या अंगणात कोंबड्या पाळतो, तुला माहीत आहेच. त्यातली एक तांबडी पिठाच्या ढकलगाडीखाली आली आणि पाय मोडून बसली. बाकीच्यांनी टोचून टोचून तिच्या मानेवरची पिसं काढली. दुखऱ्याला सगळेच टोचतात. मी पाव आणायला गेलो तेव्हा बेकरीवाला सुरी घेऊन उभा होता. म्हणाला, "हिला आता ठेवून काय करायचं? ना चालत, ना अंडं देत." मी म्हटलं, "या हिशेबानं माझाही नंबर लागेल. दे ती इकडे."

मग काय, घरात दोन लंगडे झालो. पाय बांधायचा कसा, हा प्रश्न होता. जन्मभर लोकांच्या कवळ्या केल्या, मला दुसरं येतंय काय? कवळीच्या हिरड्या ज्याच्या करतो ते गुलाबी प्लास्टिक थोडं उरलं होतं. त्याचीच पातळ पन्हळ केली आणि तिच्या पायाला बसवली. बेकरीवाल्यानं कोंबडी धरली, मी एका हातानं काम केलं. आता बाईसाहेब हिरड्यांच्या रंगाचा पाय घेऊन मिरवतात. म्हणजे मिरवल्या असत्या, उठल्या असत्या तर. जिला सात जन्मांत दात यायचे नाहीत तिच्यावर माझं शेवटचं हिरड्यांचं काम खर्ची पडलं, याचं मला फार हसू आलं.

जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. पाय धरेल म्हणाले. पण पोटात काही नाही. साखरपाण्यावर आठवडा काढेल, त्यात खाल्लं तर जगेल, नाहीतर नाही. आणि ही खायचं नाव काढत नाही. भिजवलेला पाव झाला, मक्याचा भरडा झाला, कुणी सांगितलं म्हणून उकडलेलं अंडंही कुस्करून ठेवलं. कोंबडीलाच अंडं, मला कसंसंच झालं. मी तिला घटकाभर एकटी सोडत नाही. वाटी पुढे ठेवतो आणि चोचीपासून वीतभर अंतरावर तोंड नेऊन बघत बसतो, एखादा तरी दाणा उचलते का. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. जेवत कुणीच नाही.

तेव्हा यायचं पुढे बघू. आणि खरं सांगू का, आलो तरी जेवणाच्या वेळी तुम्हालाच अवघड व्हायचं. आजारपणात तू माझं जे केलंस ते पोटच्या पोरीनंही केलं नसतं. पण माणसानं किती सोसायचं यालाही काही सीमा असते. मला ते तेव्हाच कळलं होतं. माझ्या मनात काही नाही. असो.

कोंबडीवर काही उपाय माहीत असला तर लगेच कळव.

तुझे
सासरे

---

ता. १६ ऑक्टोबर

सूनबाई,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल दुपारी आलं. त्यात माझ्या येण्याजाण्याचं एक अक्षर नाही, नुसती कोंबडी. "बाबा, तिच्याकडे बघू नका. दाणे ठेवा, पाठ करून बसा आणि हाताला काहीतरी काम घ्या. आवाज होऊ द्या, म्हणजे आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं तिला वाटेल. खाल्लं की नाही ते वळून बघायचं नाही, कानानं ऐकायचं."

मी बेकरीवाल्याला वाचून दाखवलं आणि म्हटलं, "सूनबाईच्या मते सुंठीवाचून खोकला जाणार." तो म्हणाला, "करून तर बघा. तसंही उद्या-परवा..." आणि सुरी धरल्यासारखा हात केला.

केलं. वाटी ठेवली, पाठ फिरवली. नमुन्याच्या दातांचा जुना ट्रे टेबलावर ओतला आणि दाढा एकीकडे, पुढचे दात एकीकडे असे तांदळासारखे निवडत बसलो. बराच वेळ काही नाही. मग मागे वाटीवर टक् झालं. मी दात निवडत राहिलो. पुन्हा टक्. मग टकटक सुरूच झाली. मान वळवायची अशी उबळ आली की टेबलाची कड धरून बसावं लागलं. तेवढ्यात बेकरीवाला दारात आला, त्याला हातानंच थोपवलं. माणूस शहाणा, तिथेच उंबऱ्यावर रस्त्याकडे तोंड करून बसला. आम्ही दोघं म्हातारे असे रुसल्यासारखे बसलो होतो आणि ती जेवत होती. वाटीत दाणा ठेवला नाही. आज सकाळी गुलाबी पायावर उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, जगली.

मग तुला लिहायला बसलो. हे तू कुठे शिकलीस, असं विचारणार होतो. पेन टेकवलं आणि हात थांबला.

गेल्या वर्षी मला दवाखान्यातून घरी आणलंत तेव्हा मी जेवायला तयार नव्हतो. घास तोंडाच्या कोपऱ्यातून निसटायचा आणि हनुवटीवरून शर्टावर यायचा. तू ताट ठेवायचीस आणि बेसिनकडे वळायचीस. धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायचीस. माझं जेवण होईपर्यंत एकदाही मागे बघायची नाहीस. मी मनाशी ठरवून टाकलं, हिला माझी किळस येते.

माझ्या दुकानात गिऱ्हाईक नवी कवळी घालून गाजर चावून दाखवायचं आणि मी त्याच्या तोंडात डोळे घालून बसायचो. लाळ गळो, तुकडा पडो, नजर हलवायची नाही. आपली नजर हटली की समोरच्याच्या मनाला लागतं. जो तोंड फिरवतो त्याला किळस येते, ही माझी धंद्यातली अक्कल, आणि ती मी घरात तुला लावली. म्हणून तुझ्या नवऱ्याची बदली झाली तेव्हा म्हणालो, तुम्ही दोघं जा, मला एकट्याला बरं पडतं. बरं कसलं पडतंय. दाराला कडी लावून जेवतो.

आता आठवतं, ताट रोज रिकामं व्हायचं. तू समोर बसून आग्रह केला असतास तर मीही मान आत ओढून बसलो असतो, आणि माझ्या आठवड्याचं काय झालं असतं ते सांगायला डॉक्टर नको. तुझी पाठ होती म्हणून मी जेवलो, सूनबाई. वर मी फुरंगटून बसलो, तेही तू पोटात घातलंस, आणि कालसुद्धा चिठ्ठीत चकार शब्द काढला नाहीस. तुझे उपकार मानतो असं लिहिलं तर तू रागावशील. रागाव. मी मानतो. तू या घरात आलीस हे माझं मोठं भाग्य आहे, आणि हे तुला तोंडावर सांगायला माझी जीभ वळली नसती, म्हणून पत्रात लिहितो.

येत्या रविवारी तुझ्या नवऱ्याला मला न्यायला पाठव. कोंबडी टोपलीतून येईल. वाटेत तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, एवढं त्याला बजावून ठेव. तिची वाटी आपण कोपऱ्यात ठेवू.

माझी मात्र कोपऱ्यात ठेवू नकोस. जेवायला बसलो की बेसिनकडे वळू नकोस. तुझंही ताट वाढून घे आणि समोर बस. थोडं गळेल. गळू दे.

तुझा
बाबा