मातीतली डोल

मोहने,
१७ ऑक्टोबर १९९३

चि. मोरूस तुझ्या थोरल्या बायचा आशीर्वाद, घेतलास तर.

इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या दाजींचा खोकला उतरलाय, पण विडी काही सुटत नाही. मालूची कंबर कशी आहे? डेपोत तुला अजून रात्रपाळी देतात का? हे सगळं सीतारामला विचारून कळतं म्हणा. एक मावसभाऊ आहे म्हणून आपल्याला एकमेकांची खबर तरी लागते. मागच्या आठवड्यात त्याने तू दिलेला, जमीन विकायचा कागद आणून ठेवला. त्याचं सांगते, पण जरा दमाने.

सोबत आठळ्या पाठवल्यात. राखेत ठेवलेल्या आहेत, धुऊन मग भाज. आपल्याच फणसांच्या आहेत. 'आपल्या' वाचून तू तोंड वाकडं करशील, कर.

तू ही जागा पाहिलीस ती अगदी सुरुवातीला. आयेकडून आपल्या दोघांना आलेला हा उतार म्हणजे तेव्हा नुसता मुरूम आणि कुसळं. पहार मारली तर ठिणगी उडायची. कल्याणच्या मेळाव्यात मी वनशेतीचं ऐकून आले आणि माझ्या डोक्यात ते खूळ शिरलं. नांगर लावायचा नाही, माती उघडी ठेवायची नाही, वर फणस, त्याच्या खाली काजू आणि कोकम, अगदी खाली हळद आणि सुरण. सगळ्यांचा पाला पडेल, तोच सगळ्यांना पोसेल. सांगणाऱ्याने छान सांगितलं होतं. पण करणारी कोळीण होती ना! बाजारात न खपलेली खारी मासळी पाट्याच्या पाट्या आणून मी रोपांच्या बुडाशी घातली. मासळीचं खत चांगलं, एवढंच माहीत. त्यातल्या मिठाचा विचार कोण करतो? आपल्याला मीठ म्हणजे घरातलंच माणूस. बघता बघता रोपं करपून गेली. भीमाबाई बांधावरून ओरडली, "सगुणे, झारं लावलीस का लोनचा घातलास गो?" सगळं मोहने हसलं. मीही हसले, आणि घरी येऊन रडले.

दुसऱ्या खेपेची रोपं धरली, पण पाचोळा ठरेना. उन्हाळ्यात वारा न्यायचा, पावसात उतार न्यायचा. म्हणून मी माळ्यावरची बाची डोल काढली, पाचोळ्यावर पसरली आणि कडेने खुंट्या ठोकल्या. एवढं मोठं जाळं, निम्मा उतार झाकला. आणि नेमका त्याच दिवशी तू आलास.

"बाय, बाची डोल चिखलान घातलीस? नारली पुनवेला जिला कुंकू लावायचा, तिच्यावर पाय देऊन फिरतंस?"

तुझ्यासाठी कोलंबीचं कालवण केलं होतं. तू पाणीसुद्धा घेतलं नाहीस. बा गेला, होडी विकली, मग डोल माळ्यावर उंदरांसाठी ठेवायची होती का, असं मी विचारलं ते मला आजही चुकीचं वाटत नाही. पण त्यानंतर इतकी वर्षं तुझा पाय इथे लागला नाही, हे मात्र रोज वाटतं.

आता कागदाचं.

मोरू, मी सही करणार होते. सीतारामला हे माहीत नाही. खोपटच्या त्या एका खोलीत तुम्ही सहाजण कसे राहता, पोरगी न्हाणीच्या दाराशी बसून अभ्यास करते, हे त्याने सांगितलं आणि मला जेवण जाईना. झाडांपेक्षा भाऊ मोठा, असं मी दाजींना म्हटलं. त्यांनी त्या दिवशी प्रत्येक फणसापाशी जाऊन हात लावला, ते मी बघून न बघितल्यासारखं केलं.

जमीन जायचीच तर बाची डोल परक्याच्या बुलडोझरखाली कशाला, म्हणून सोमवारी सकाळी ती काढायला गेले. धुऊन तुझ्याकडे पाठवणार होते. खुंटी उपटली, कोपरा धरला आणि ओढला. वीतभर वर आला आणि थांबला. पुन्हा जोर लावला. दाजींना हाक मारली, दोघांनी मिळून ओढलं. जाळं भरलं की हाताला कसं कळतं, तुला सांगायला नको. तसंच कळलं. मला वाटलं, खाली काहीतरी जिवंत आहे आणि ते आपल्याला उलट ओढतंय.

मग मी गुडघे टेकले आणि हाताने उकरलं. हाताने, मोरू! जिथे पहार चालत नव्हती तिथे माझं मनगट आत गेलं. काळी, भिजलेली, दही लागावं तशी माती. जाळ्याच्या प्रत्येक भोकातून मूळ गेलेलं. फणसाचं काजूकडे, काजूचं कोकमाकडे, कुठलं कोणाचं ते कळेना. मधून अळंबीचे पांढरे धागे, आमच्या हातचं सूतही एवढं बारीक नसतं. गांडुळं, गोगलगाई, पाय नसलेले आणि शंभर पायांचे. उदमांजराने कधी टाकलेली आठळी तिथेच फुटून वर निघालेली. मी हे काही केलं नव्हतं रे. मी फक्त पाचोळा धरून ठेवला होता. बाकीचं कोणी केलं, कधी केलं, मी वर बसून भाकरी खात असताना खाली हे चाललं होतं? मला भीती वाटली. देवळात गाभाऱ्याचं दार एकदम उघडल्यावर वाटते तशी. मी किती वेळ बसले होते कोण जाणे.

मी पुन्हा कोपऱ्याला हात घातला तर दाजी म्हणाले, "नको ओढू गो. झारांना लागंल."

मी सोडलं. वर माती सारखी केली.

तर मी सही करत नाही. कागद परत पाठवतेय. तुला राग येईल, आणि तुझ्या जागी मी असते तर मलाही आला असता, कारण तुझी पोरगी अजून त्या दाराशीच बसणार आहे. वरचा रस्त्यालगतचा कातळाचा तुकडा वीक. तिथे काही उगवत नाही. त्यातला माझा हिस्साही घे, मी हरकत घेणार नाही. गिऱ्हाईकाला सगळंच हवंय हे मला ठाऊक आहे. दुसरं गिऱ्हाईक बघ, वेळ लागेल, पण ही झाडांची जमीन दे म्हणू नकोस. वाटणी कर म्हणालास तरी मला जमायचं नाही. तुझं अर्धं कुठे संपतं ते मी त्या मातीत शोधलं, सापडलं नाही.

भांडायचं असेल तर चिठ्ठी पाठवू नकोस, ये. मालूला आणि पोरांना घेऊन ये. कालवण पुन्हा करीन.

आणि एक. बांधाशी आलास की चपला काढ, आपण होडीत चढताना काढतो तशा. दुसऱ्या कोणाला मी हे सांगत नाही, सोमवारपासून एकटीच काढते.

तुझी वाट बघणारी,
सगुणाबाय