बिनशिदोरीचं बी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मिळालं. तुम्ही दोघं संस्थेत जाऊन त्या मुलीला बघून आलात, तिने तुझं बोट धरलं ते सोडेचना, आणि आता या आठवड्याच्या आत हो की नाही ते कळवायचंय. तुझ्या सासूबाईंचं म्हणणंही वाचलं, की परक्याचं मूल शेवटी परक्याचंच. आणि खाली तू विचारलंयस, ताई, खरं सांग, पोटचं नसलेलं मूल आपल्या घरात रुजतं का? उत्तर देते, पण आधी माझं ऐकून घे. मला एक विचारलं की दोन ऐकावी लागतात, हे तुला काही नवीन नाही.

आमच्या वनस्पती उद्यानाच्या काचघरात सध्या एका ऑर्किडने सगळ्यांना वेड लावलंय. झाडाला लटकणारं नव्हे, जमिनीत वाढणारं. दिसायला साधंच, पण रानातून जवळजवळ संपलेलं, आणि आमच्याकडे त्याची एकच कुंडी उरलेली. यंदा तिला शेंग धरली आणि साहेबांनी ते बी माझ्या हवाली केलं. बी कसलं, निव्वळ धूळ. मी शिंकले असते तर वंश बुडाला असता. माझी स्वच्छतेची खोड तुला माहीतच आहे. ती आईकडून सगळीच्या सगळी माझ्याकडे आली, तुझ्या वाट्याला कणभरही नाही. ट्रे उकळत्या पाण्याने धुतले, माती वाफेवर तापवून घेतली, श्वास रोखून बी पेरलं, वर काच ठेवली. मग रोज सकाळी आल्या आल्या, खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता, आधी जाऊन बघायची. काही नाही. औषधालाही अंकुर नाही. साहेब येता-जाता ट्रेवर नजर टाकून पुढे जायचे, आणि तेच जास्त लागायचं. पुन्हा शेंग धरेल याची खात्री कुणालाच नव्हती.

पाकिटाच्या तळाशी चिमूटभर धूळ चिकटून राहिली होती. ती टाकून द्यायला जीव होईना, म्हणून मी ती त्या ऑर्किडच्याच जुन्या कुंडीत झटकली होती. त्या कुंडीची माती बदलायची कधीची राहून गेलेली. कुजकी पानं, सालीचे तुकडे, वर शेवाळ. कुणी पाहुणे आले की मी ती कुंडी मागे सरकवायची. गेल्या महिन्यात तिला पाणी घालताना बुडाशी पांढुरके गोळे दिसले, मोहरीपेक्षाही बारीक. मला वाटलं, गोगलगायीची अंडी. फेकणारच होते, पण एकाला हिरवा कोंब फुटलेला दिसला आणि हात जागच्या जागी थांबला.

आमच्याकडे प्रयोगशाळेत एक बाई आहेत, त्यांना सगळे भिंगवाल्या बाई म्हणतात. त्यांनी एक गोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला म्हणाल्या, बघा. धाकटे, काय सांगू तुला. एकेका पेशीत धाग्याची गुंडाळी होती, लोकरीचा गुंडा असावा तशी. बुरशीचे धागे. ज्या बुरशीला मी जन्मभर कुंडीबाहेर हाकलत आले, तीच. बाईंनी सांगितलं, वाटाण्याचं काय किंवा मक्याचं काय, आई आपल्या बियाला निघताना शिदोरी बांधून देते. या ऑर्किडचं बी मात्र रिकाम्या हाताने निघतं. त्याच्यात खायला दाणाभर काही नसतं. नुसती माती, नुसतं पाणी मिळून ते उगवतच नाही. मग कधीतरी मातीतला एखादा धागा त्याच्यापर्यंत पोचतो, आत शिरतो आणि कुजक्या पानांतून मिळवलेलं अन्न त्याला पुरवत राहतो. पहिलं पान फुटेपर्यंत त्या बियाचं सगळं त्याच्यावर. आणि मी माती तापवून नेमकं त्यालाच मारलं होतं.

मी विचारलं, त्या बुरशीला यात काय मिळतं? बाई म्हणाल्या, पुढे पानं आली की झाड तिला साखर देतं म्हणतात, पण सुरुवातीला काय मिळतं ते नक्की माहीत नाही. हे ऐकून मला भरून आलं. ना नातं, ना गोत, ना ओळखदेख. मी भिंगावरून डोळा काढेना, तेव्हा बाईंनी मला सरळ खुर्चीच आणून दिली. बहुतेक सगळ्या झाडांच्या मुळांशी कुठली ना कुठली बुरशी नांदत असते, असंही त्यांनी सांगितलं. त्या संध्याकाळी घरी येताना मी रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांकडे बघत होते आणि पाय जपून टाकत होते. मातीत हात घालून पोट भरणारी मी, मला त्या दिवशी माती नव्यानेच भेटली.

आता तुझा प्रश्न. फोन न करता लिहायला बसले, कारण फोनवर तू मला मधेच तोडून माफी मागत सुटली असतीस. अगं वेडे, हे तू विचारलंस कुणाला? आईबाबांनी मला अशाच एका संस्थेतून आणलं तेव्हा तू जन्मायची होतीस. घरात कुणी ते कधी लपवलं नाही, तुलाही कळायला लागल्यापासून ठाऊक आहे. तरी एवढं मोठं पत्र लिहून, पाकीट चिकटवून टपालात टाकेपर्यंत ते तुझ्या लक्षातच आलं नाही. मी पुन्हा पुन्हा वाचलं, एखाद्या ओळीत तरी तुला आठवलंय का ते बघायला. कुठेच नाही. आधी हसले, मग स्वयंपाकघरात उभी राहून मनसोक्त रडले. सासूबाईंना माझा नमस्कार सांग, आणि मुलीला घरी आण.

तुझीच सख्खी,
ताई