करीमचा हात

चिंचवड, १९७८

करीमभाई, कनीजचा सलाम.

अब्बांना लकवा झाला, नजरही अधू झाली, हे कळवलं तेव्हा तू अबूधाबीहून सेफ्टी रेझर पाठवलास. त्यांनी तो गालाला लावू दिला नाही. आयुष्यभर दुकानात लोकांच्या दाढ्या केलेला माणूस. त्यांना वस्तराच हवा होता.

तू जाताना भंगारात टाकलेला त्यांचा जर्मन वस्तरा मी उचलून ठेवला होता. पातं गंजलेलं, धारेला मोठी खाच. माझे मालक, जहीर, कंपनीत ग्राइंडिंगवर आहेत. त्यांनी खाच जाईपर्यंत पातं चाकावर घासलं. पोलाद तापू नये म्हणून सारखं पाण्यात बुडवत होते. पातं अरुंद झालं, पण कामाचं झालं. पुढे दगडावर धार लावायला आणि चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायला मी शिकले.

पहिली दाढी करायला मला तासभर लागला. दाढी झाल्यावर अब्बांनी गाल चाचपला आणि म्हणाले, "करीम, हात बसला रे तुझा."

"अब्बा, ही कनीज आहे," जहीर म्हणाले.

"काहीतरीच. पोरीच्या हातात वस्तरा कोण देईल?"

त्यानंतर दर जुम्म्याला मी करीम झाले. मान वर करून ते निर्धास्त बसायचे आणि तुला दुआ द्यायचे. गेल्या आठवड्यात ते गेले, तेही तुझंच नाव घेत.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तुला बरं वाटेल, आणि तेवढंही मला तुला द्यायचं नाही.

अब्बांची मुलगी,
कनीज